‘आधी रुग्णालय, मग गाव’ : एका क्रमाचा प्रतिवाद

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. त्यात भंडारा होते. जिल्ह्याच्या वाट्याला एमबीबीएसच्या शंभर जागा आल्या आणि कित्येक वर्षांची मागणी पुरी झाली. तेव्हापासून या महाविद्यालयाचे प्राधान्यक्रम काय असावेत, याविषयी एक मत सहज मांडले जाते आणि तितक्याच सहज मान्यही होते. आधी इमारत पूर्ण होऊ द्या, खाटा वाढू द्या, प्राध्यापक येऊ द्या, हृदयरोग आणि मेंदूविकाराचे विभाग उभे राहू द्या. विद्यार्थ्यांना गावात पाठवायचे ते त्यानंतर. वैद्यकीय, परिचर्या, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, फिजिओथेरपी आणि आयुर्वेद या शाखांच्या विद्यार्थ्यांनी उपकेंद्राच्या गावात एकत्र शिकावे, ही सूचना तर या मताच्या लोकांना शोभेची वाटते. पैसा आणि वेळ उरला तर करायची गोष्ट, असे ते मानतात. या मताला माझा मुळातूनच विरोध आहे. भंडाऱ्यात हा क्रम लावला, तर महाविद्यालय उभे राहील, पण ज्या आजारांसाठी या जिल्ह्याला ते हवे होते त्यांच्याशी त्याची गाठ पडणार नाही.

समोरच्या बाजूचे म्हणणे हलक्यात घेण्यासारखे नाही, हे आधीच मान्य करतो. गंभीर रुग्ण आला की ‘मेडिकलला न्या’ हे वाक्य या जिल्ह्याने पिढ्यानपिढ्या ऐकले आहे, आणि नागपूरचे मेडिकल भंडारा शहरापासून साठेक किलोमीटरवर आहे. लाखांदूर किंवा साकोलीकडच्या माणसाला त्याहून बरेच दूर. शिवाय 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळे दगावली. त्यानंतर इमारत, वीजजोडणी, अग्निसुरक्षा या गोष्टी दुय्यम आहेत असे या जिल्ह्यात कोणीही म्हणू शकत नाही. रुग्णालय चांगले आणि सुरक्षित हवेच. पण ती बाळे त्या कक्षात का होती, हाही प्रश्न आहे. अशा कक्षांत येणारी बहुतेक बाळे कमी वजनाची, दिवस भरण्याआधी जन्मलेली किंवा जन्मताच श्वास अडलेली असतात. त्यांच्या आजारपणाची सुरुवात आईच्या गरोदरपणात, तिच्या रक्तात, तिच्या ताटात आणि तिच्या कामाच्या दिवसात झालेली असते. कक्ष कितीही अद्ययावत केला तरी त्याच्या दाराशी येणारी रांग तिथे कमी होत नाही. ती गावात कमी होते.

2011 च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 12,00,334 होती आणि तिच्यातला जेमतेम पाचवा हिस्सा शहरी होता. धानाचा, तलावांचा, बोड्यांचा हा मुलूख. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या बांध्यांमध्ये रोवणीच्या दिवसांत बायका दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभ्या असतात. इथले आजार या जमिनीशी आणि पाण्याशी जोडलेले आहेत. डासांमुळे हिवताप आणि हत्तीरोग, बांधावर आणि अंथरुणात सर्पदंश, गवताळ झुडपांतल्या सूक्ष्म किड्यांमुळे स्क्रब टायफस, पूर्व विदर्भात अजून टिकून राहिलेला कुष्ठरोग, आणि पिढीजात येणारा सिकलसेल. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि ते पाणी पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन साचते. त्याचा परिणाम नदीकाठची गावे भोगतात. यातल्या एकाही आजाराचे उत्तर एका डॉक्टराच्या हातात नाही. प्रत्येकाला पाच-सहा हातांची साखळी लागते, आणि रुग्ण हातचा जातो तो बहुतेक वेळा कोणाला आपले काम येत नाही म्हणून नव्हे, तर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना.

हे नीट समजण्यासाठी एका गरोदर बाईच्या अंगातले रक्त घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. म्हणजे लोहाच्या गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम दशकानुदशके चालू असताना आकडा वर गेला. भंडाऱ्यात या रक्तक्षयाला आणखी एक पदर आहे. सिकलसेलचा जनुक इथे आदिवासींपुरता मर्यादित नाही, इतर अनेक समाजांतही तो आहे. त्यामुळे अंगात रक्त कमी असलेल्या बाईला गोळी देण्याइतके हे काम सरळ राहत नाही. आशा तिला शोधून उपकेंद्रात आणते. आरोग्यसेविका हिमोग्लोबिन मोजते. सिकलसेलची प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली की इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीने ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरवावे लागते. वाहक असेल तर तिला लोह हवेच. नुसत्या ‘सिकलसेल’ या शब्दाला घाबरून गोळ्या बंद केल्या तर तिचे नुकसान होते. रुग्ण असेल आणि वारंवार रक्त चढवावे लागले असेल तर लोहाचा साठा पाहिल्याशिवाय ते देणे धोक्याचे, फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवायचे. गरोदर नसताना तिला हायड्रॉक्सियुरिया चालू असेल, तर दिवस गेल्यावर त्याचे काय करायचे हे डॉक्टराने ठरवायचे आणि औषध देणाऱ्याने लक्षात ठेवायचे. नवऱ्याचीही तपासणी करायची, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. अंगणवाडीतून आहार, जंतांची गोळी, कामाचा भार हलका करण्याविषयी सासरच्यांशी बोलणे, हे वेगळेच.

ही साखळी कुठे तुटते? चाचणीचा निकाल तालुक्याला येऊन पडतो आणि उपकेंद्राला कळत नाही. तंत्रज्ञाला ठाऊक नसते की आपल्या कागदावरच्या दोन अक्षरांवरून गावात एका बाईच्या गोळ्या बंद होणार आहेत. डॉक्टर चिठ्ठीवर औषध लिहितो, पण ते केंद्राच्या साठ्यात आहे का, हे त्याने फार्मासिस्टला विचारलेले नसते. आरोग्यसेविकेला बाईची घरची परिस्थिती माहीत असते, पण तिला कोणी विचारत नाही आणि आपण होऊन सांगण्याची तिला सवय लावलेली नसते. या प्रत्येकाने आपापल्या परीक्षेत रक्तक्षयावरचे उत्तर बरोबर लिहिलेले असते. दुसऱ्याचे काम काय, त्याला माझ्याकडून केव्हा काय हवे असते, हा प्रश्न मात्र कोणाच्याच प्रश्नपत्रिकेत नसतो. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासण्यांची संख्या तिच्यामुळे वाढेल. पण तपासणीनंतरचे सहा हात एकमेकांना ओळखत नसतील तर त्या बाईच्या आयुष्यात फरक पडणार नाही.

हीच गोष्ट इतर आजारांत. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि पूर्व विदर्भात स्क्रब टायफसने माणसे दगावली. हा आजार ओळखायची एक खूण म्हणजे अंगावरची काळी खपली. ती काखेत, जांघेत, कमरेच्या घडीत असते आणि बाह्यरुग्ण विभागाच्या घाईत डॉक्टराला दिसत नाही. अंग पुसणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या परिचारिकेला ती दिसू शकते. रक्ताचा निकाल येईपर्यंत थांबायचे नसते आणि औषध डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त असते. परिचारिकेला खपलीचा अर्थ माहीत असणे, तिने तो सांगणे, डॉक्टराने तो ऐकणे आणि औषध केंद्रात असणे, या चार गोष्टी जुळल्या तर माणूस वाचतो. हत्तीरोगाचे जंतू रात्री रक्तात उतरतात म्हणून रक्तनमुने रात्री घ्यावे लागतात. सामूहिक औषधोपचाराच्या गोळ्या समक्ष खाऊ घालाव्या लागतात, नाहीतर त्या मुठीत घेऊन लोक घरात जातात. सुजलेल्या पायाची रोजची निगा शिकवावी लागते. अंडवृद्धीची शस्त्रक्रिया रुग्णालयात होते. कीटक, रक्त, गोळी, पाय आणि शस्त्रक्रिया ही पाच वेगवेगळ्या माणसांची कामे आहेत. गावकऱ्याच्या दृष्टीने मात्र तो एकच आजार असतो.

आता या माणसांना शिकवतो कसे ते पाहा. 1998 पासून नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, परिचर्या, फिजिओथेरपी अशा शाखा एकत्र आहेत. रचना इतकी सोयीची आहे. तरीही एका शाखेचा विद्यार्थी दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याबरोबर एकही विषय शिकत नाही. 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधारित एमबीबीएस अभ्यासक्रमात डॉक्टराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यातली एक म्हणजे आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य. नेता कसे व्हायचे हे वातावरणच शिकवते. सदस्य कसे व्हायचे हे कुठेही शिकवले जात नाही, कारण पथकातले बाकीचे लोक वर्गातच नसतात. कुटुंब दत्तक कार्यक्रमात एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबे दिली जातात. त्याच गावात परिचर्येचे विद्यार्थी त्यांच्या सामुदायिक परिचर्येच्या भेटींना जातात. एकाच घरात दोन वेगवेगळ्या वह्या घेऊन दोघे वेगवेगळ्या दिवशी तेच प्रश्न विचारतात, आणि घरातल्या बाईला दोनदा तीच उत्तरे द्यावी लागतात. मी जे मागतो आहे त्यासाठी वेळापत्रकात नवा तास घालावा लागत नाही. ज्या भेटी आधीच सक्तीच्या आहेत त्या एकत्र करा, एवढेच. त्यामुळे ‘अभ्यासक्रम आधीच जड आहे’ हा आक्षेप इथे लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त मुरलेला आहे. गावात शिकण्यासारखे काय आहे? सर्दी, खोकला, जुलाब. खरे वैद्यक वॉर्डात शिकायला मिळते. महाराष्ट्राने तरी हे म्हणू नये. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे जगाला कळले, ते डॉ. हिंमतराव बावसकरांनी महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 पासून रुग्णांच्या उशाशी बसून घेतलेल्या नोंदींमुळे. भंडाऱ्याच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत घरपोच नवजात बालसेवेचा प्रयोग केला आणि 47 गावांशी तुलना केली. नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि 2011 पासून देशभरातल्या आशा त्याच धर्तीची सेवा देऊ लागल्या. बाळाला झालेला जंतुसंसर्ग गावातल्या थोड्या शिकलेल्या बाईने ओळखणे आणि तिने इंजेक्शन देणे, हे वॉर्डात सुचण्यासारखे नव्हते. ज्ञान वरून खाली वाहते आणि गाव ते फक्त झेलते, ही समजूतच विदर्भाच्या मातीत खोटी ठरली आहे.

‘हे सगळे करून झाले आहे आणि फसले आहे’ असे म्हणणारे अनुभवी लोकही आहेत. ते बरोबर आहेत, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. 1946 च्या भोर समितीने सामाजिक वैद्याची कल्पना मांडली. 1975 मध्ये श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण समाजाच्या गरजांपासून तुटल्याचे सांगितले आणि 1977 मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजना आली. प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यायची होती. त्यासाठी फिरती रुग्णालये म्हणून मोठमोठ्या गाड्या आल्या. त्या कालांतराने उभ्या राहिल्या आणि गंजल्या. का? कारण गावाचे सगळे काम एका प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभागाच्या गळ्यात पडले. शल्यचिकित्सा, बालरोग, स्त्रीरोग या विभागांचे प्राध्यापक जागचे हलले नाहीत, त्यामुळे विद्यार्थ्यांनाही त्या भेटी सहलीसारख्या वाटल्या. आणि गाडीतून आलेले पथक दुपारी परत जात असे. उपकेंद्राच्या सिस्टरशी त्याचा संबंध नव्हता. फसले ते पथक बाहेरून नेऊन परत आणण्याचे धोरण. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत मात्र वेगळे घडले. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या या महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, सुरुवातीलाच त्या गावात मुक्काम करते आणि नंतर त्याच कुटुंबांकडे परत परत जाते. अर्धशतकाहून जास्त काळ ही पद्धत टिकली. वर्धा भंडाऱ्याहून फार दूर नाही. पाहायला कोणालाही जाता येते. भंडाऱ्याने सेवाग्रामची नक्कल करून थांबू नये, तिथला मुक्काम घ्यावा आणि त्यात इतर शाखांना सामील करावे.

पुराव्याचा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर फुगवून देऊ नये. आंतरशाखीय शिक्षणाचा पुरस्कार जागतिक आरोग्य संघटनेने 1988 आणि 2010 च्या अहवालांत केला. ‘लॅन्सेट’ आयोगानेही 2010 मध्ये शाखाशाखांतल्या टोळीवृत्तीवर बोट ठेवले. पण शिफारस म्हणजे पुरावा नव्हे. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात निकषांत बसणारे पंधराच अभ्यास सापडले. त्यातल्या सातांत चांगला परिणाम दिसला, चारांत संमिश्र, आणि चारांत काहीही फरक दिसला नाही. विरोधक हे आकडे पुढे करतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. मी त्यातून एवढेच घेतो की एकत्र शिकवण्याने आपोआप काही होत नाही. ते कुठे, किती काळ आणि कोणत्या कामाभोवती केले यावर सगळे अवलंबून असते. एखादी दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन, प्रमाणपत्रे वाटून कोणाच्या वागण्यात बदल होण्याची अपेक्षा मीही करत नाही. चार वर्षे त्याच पाच-सहा घरांची जबाबदारी एकत्र घेणे ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे. आणि एक प्रतिप्रश्न : शाखा वेगवेगळ्या ठेवून शिकवण्याने रुग्णांचे भले होते, याचा पुरावा कोणी कधी मागितला आहे का? ती पद्धत फक्त जुनी आहे म्हणून सिद्ध मानली गेली.

माझ्या मते सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो रुग्णालयवाद्यांकडून येत नाही. परिचर्येच्या क्षेत्रातल्या जाणत्या स्त्रिया तो घेतात. एकत्र बसवले म्हणून माणसे समान होत नाहीत. एमबीबीएसचा मुलगा प्रश्न विचारेल, परिचर्येची मुलगी वजन घेईल आणि रजिस्टर भरेल, आशाताई चहा आणेल; शेवटी सादरीकरण मुलगा करेल. म्हणजे आज वॉर्डात जी उतरंड आहे ती चार वर्षे आधीच, आणि तीही गावासमोर, पक्की होईल. यात पैसा, जात, लिंग, इंग्रजी हे सगळे मिसळलेले आहे. हा धोका खरा आहे. नुसते एकत्र बसवणे पुरेसे नाही हे मी मान्य करतो. रचना उलटी करावी लागेल. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ती उलटी करून दाखवली. गावाने निवडलेल्या बायका, त्यांच्यातल्या अनेक निरक्षर आणि अनेक दलित, आरोग्याच्या कामाच्या केंद्रस्थानी आणल्या. डॉक्टर, परिचारिका आणि इतर कार्यकर्ते यांचे पथक गावात जायचे ते त्यांच्या पाठबळासाठी. ज्या बाईला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते तिच्याकडे गाव बाळंतपणासाठी येऊ लागले. भंडाऱ्यात हे असे करता येईल : पहिल्या वर्षी सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, लसीकरणाचे सत्र आणि घरभेट हे आरोग्यसेविका आणि आशा शिकवतील, आणि त्याचे गुण त्या देतील. औषधांचा साठा आणि मुदत फार्मासिस्ट शिकवेल. पथकाचा प्रमुख दर सत्राला बदलेल आणि तो एमबीबीएसचाच असेल असा नियम नसेल. पथकाला गुण एकत्र मिळतील. त्यामुळे परिचर्येच्या विद्यार्थिनीने दिलेली सूचना न ऐकता चुकलेल्या पथकात डॉक्टर होणाऱ्याचेही गुण जातील. उतरंड एवढ्याने नाहीशी होणार नाही. पण आज तिला आव्हान देणारी एकही जागा शिक्षणात नाही. निदान एक तरी तयार होईल.

वेगवेगळ्या परिषदा, वेगवेगळे परवाने, वेगवेगळे कायदेशीर अधिकार या आक्षेपात फारसे काही नाही. एकत्र शिकणे म्हणजे एकमेकांचे काम करणे नव्हे. आपली मर्यादा कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते हे न कळल्यामुळेच अधिकाराबाहेरचे उपचार होतात. एकत्र शिकल्याने ती रेघ उलट स्पष्ट होते. आज कित्येक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आयुर्वेदाचे पदवीधर आणि परिचर्येचे पदवीधर काम करतात. त्यांचे वरिष्ठ होणारे डॉक्टर त्यांना पहिल्यांदा भेटतात ते नोकरीच्या खुर्चीवरून. ही ओळख विद्यार्थीदशेत झाली तर काय बिघडते?

गावाच्या बाजूने येणारा आक्षेप मात्र ऐकून घ्यायलाच हवा. सर्वेक्षणांनी गावे थकली आहेत. कोणीतरी येते, वही भरते, रक्त घेते आणि जाते. निकाल कोणालाच सांगितला जात नाही. विद्यार्थ्यांची रीघ लागली तर गावाची प्रयोगशाळा होईल, आणि शिवाय शासन म्हणेल की विद्यार्थी आहेतच, मग रिक्त पदे कशाला भरायची. या दोन्ही भीती साधार आहेत आणि दोन्हींवर आधीच अटी घालाव्या लागतील. ज्या उपकेंद्रात कायम आरोग्यसेविका नाही तिथे पथक पाठवू नये; विद्यार्थी कोणाच्याही पदाचा पर्याय म्हणून मोजले जाऊ नयेत. पथकाने घेतलेली प्रत्येक नोंद उपकेंद्राच्याच नोंदवहीत जावी, महाविद्यालयाच्या स्वतंत्र फाइलमध्ये नाही. ज्यावर आपण काही करू शकत नाही असा प्रश्न घरात विचारू नये. वर्षातून एकदा पथकाने ग्रामसभेत सांगावे की आपण काय पाहिले आणि काय राहून गेले, आणि गावाला नको असेल तर दुसऱ्या वर्षी तिथे जाऊ नये. हे मान्य नसेल तर कार्यक्रम सुरूच करू नये, असे मी म्हणेन.

शेवटचा युक्तिवाद नेहमी थकलेल्या आवाजात येतो : काहीही शिकवा, मुले नागपूर-पुण्यालाच जाणार. बरीच जातील. पण किती जातील हे ठरलेले नसते. ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी आणि शिक्षणातला ग्रामीण भागातला अनुभव यांचा आरोग्यकर्मी तिथे टिकण्याशी संबंध आहे, हे लक्षात घेऊनच जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये त्यांची शिफारस केली. फिलिपाइन्समध्ये 1976 साली सुरू झालेल्या आरोग्य विज्ञान शाळेत तर पायऱ्यांची शिडी आहे : गावाने पाठवलेला विद्यार्थी आधी सुईणीचे काम शिकतो, गावात परत जाऊन काम करतो, मग परिचर्या, मग पुढे डॉक्टर. तिथला डॉक्टर सुईणीचे काम हलके मानू शकत नाही, कारण ते त्याने केलेले असते. भारताच्या कायद्यांत ही शिडी आज बसत नाही. तिच्यामागचा विचार बसतो.

भंडाऱ्याला एक फायदा आहे जो जुन्या महाविद्यालयांना नाही. इथे अजून सवयी पक्क्या झालेल्या नाहीत. विभागांच्या भिंती, प्राध्यापकांची राज्ये, ‘आमच्याकडे असे चालत नाही’ ही वाक्ये दहा वर्षांत तयार होतात आणि मग पन्नास वर्षे हटत नाहीत. म्हणून ‘आधी रुग्णालय, मग गाव’ या क्रमातला ‘मग’ धोकादायक आहे. तोवर गावाला जागाच उरलेली नसेल. महाविद्यालय परिषद, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ या तिघांनी एकत्र बसून सुरुवात करायला लाखो रुपये लागत नाहीत. जिल्ह्याच्या सातही तालुक्यांतून एकेक उपकेंद्र निवडावे : तुमसरच्या मँगनीज खाणींजवळचे एक, पवनीच्या गोसीखुर्दच्या काठचे एक, साकोलीच्या जंगलालगतचे एक. प्रत्येकाला चार-पाच शाखांचे एक पथक आणि बालरोग, स्त्रीरोग, औषधवैद्यक यांपैकी एका विभागाचा जबाबदार प्राध्यापक जोडावा. फक्त सामाजिक वैद्यकाचा नको. सिकलसेल आणि गरोदरपणातला रक्तक्षय या दोनच गोष्टी पहिल्या दोन वर्षांसाठी घ्याव्यात. चाचणी झाल्यापासून योग्य औषध बाईच्या हातात पडेपर्यंत किती दिवस लागले, हे मोजावे आणि वाईट असले तरी जाहीर करावे. ते दिवस कमी झाले नाहीत तर मी इथे जे लिहिले ते चुकीचे ठरेल, आणि तसे म्हणायचा हक्क विरोधकांना राहील.

2024 मध्ये प्रवेश घेतलेली पहिली तुकडी 2029 च्या सुमारास आंतरवासितेत येईल. तिला सिस्टरचे, फार्मासिस्टचे, तंत्रज्ञाचे आणि आशाताईचे काम प्रथमच वॉर्डात बघायला लावू नका. जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी आणि सरपंचांनी हा विषय महाविद्यालयाकडे आजच लेखी मागावा. इमारतीचे काम पूर्ण होण्याची वाट पाहू नये.